अ‍ॅक्टिंगमध्ये पैसा किती?

प्रश्न: मुलगी अ‍ॅक्टिंगमध्ये जायचं म्हणतेय, सुरुवातीला आणि नंतर पैसे कसे मिळतात?

उत्तर: ताई, सुरुवातीला छोट्या रोलला दिवसाच्या हिशोबाने पैसे, आणि ऑडिशनचं येणं-जाणं, फोटो वगैरे बहुतेक स्वतःच्या खिशातून, त्यामुळे एका दिवसाचा रेट ऐकून हुरळून जाऊ नका, वर्षात कामाचे दिवस किती भरतात ते बघा. सिरीयलमध्ये मेन रोल लागला की एपिसोडवर किंवा दिवसावर ठरतं, पण सिरीयल बंद तर इन्कम बंद. नाव झालं की अख्ख्या सिनेमाची एक फी, अगदी टॉपला नफ्यात वाटा, तिथे पोचणारे फारच थोडे. जाहिरातीत मात्र ती किती महिने आणि कुठे दाखवणार हे अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून घ्याच, नाहीतर एकदाच्या पैशात चेहरा वर्षानुवर्षं वापरला जातो, याचा मला खरंच राग येतो.