सगळ्या रकान्यांत ३ लिहून काय साधले?

उपचारांपूर्वी स्वतःच्या एकूण आरोग्याला १ ते ५ गुण देण्याचा तक्ता भरून घेतात, त्याला काही अर्थ असतो का, असे आपण विचारले आहे. आणि आपण तर सगळीकडे ३ लिहून मोकळे झालात. तक्त्याला अर्थ असतो, आपल्या उत्तराला मात्र नाही.

वर्षभर वडिलांचे आजारपण काढल्यानंतर माझी झोप पार उडाली होती आणि दोन जिने चढले तरी धाप लागत असे. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, सगळे मर्यादेत होते. थोरल्या भावाच्या लेखी विषय तिथेच संपत होता : "रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुला काहीही झालेले नाही."

मला मिळालेला तक्ता अमेरिकेतील माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेत वापरतात त्या धर्तीचा होता. हालचाल, परिसर, खाणेपिणे, विश्रांती, आपली माणसे अशी आठ अंगे, आणि प्रत्येकापुढे आज कुठे आहात व कुठे पोहोचायचे आहे, असे दोन रकाने. भाऊ शेजारीच बसलेला असल्यामुळे विश्रांतीपुढे मी ४ लिहिले. तो फोन घ्यायला बाहेर गेला, तेव्हा त्यावर रेघ मारून बाजूला १ लिहिला. समुपदेशक बाईंनी बाकीच्या आकड्यांवरून नुसती नजर फिरवली आणि त्या रेघेवर बोट ठेवून विचारले, "हे चार कोणासाठी लिहिले होते?"

पुढचा अर्धा तास त्यावरच गेला. वडील बरे होऊन स्वतःच्या खोलीत झोपू लागले होते, तरी रात्री दोनच्या औषधाच्या वेळी मला रोज जाग येत होती, हे मी तोवर कोणालाही सांगितले नव्हते. रक्ततपासणीत हे कुठे दिसणार? रात्रीची जबाबदारी काही महिने भावाने घ्यावी, असे ठरले. त्याने ती घेतलीही, पण रिपोर्ट नॉर्मल होते हे अजून ऐकवतो.

त्याला आणि आपल्यालाही सांगते : आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली अमलात आलेल्या घटनेतच लिहिलेले आहे. एलन इडलर आणि यायल बेन्यामिनी या संशोधकांनी १९९७ मध्ये २७ अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा वय, आजार वगैरे हिशेबात धरूनही "तुमची तब्येत कशी आहे?" या एका प्रश्नाच्या उत्तराचा पुढील मृत्यूच्या शक्यतेशी संबंध बहुतेक अभ्यासांत दिसला.

अर्थात हा आकडा म्हणजे निदान नव्हे. दुखण्याची सवय झालेला माणूस स्वतःला जास्त गुण देतो, म्हणून जुना तक्ता तारखेसह जपून ठेवावा आणि तुलना स्वतःशीच करावी. छातीत दुखत असेल किंवा जीव नकोसा झाला असेल, तर तक्ता बाजूला ठेवून लगेच मदत घ्यावी. एरवी ते सगळे ३ खोडून पुन्हा भरा, आणि भरताना आपले रिपोर्ट ज्याला तोंडपाठ आहेत अशा कोणालाही शेजारी बसू देऊ नका.