निवडून आलेलं सरकार फॅसिस्ट कसं?

प्रश्न : जेवताना वाद झाला. मुलगा म्हणाला, आणीबाणी म्हणजे फॅसिझमच. मी म्हटलं, निवडून आलेलं सरकार फॅसिस्ट कसं असेल? कोणाचं बरोबर?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी तुमचं घेते, कारण ते टिकत नाही. फॅसिझम सुरू करणारा मुसोलिनी १९२२ मध्ये इटलीचा पंतप्रधान झाला तो राजाच्या बोलावण्यावरून. पुढच्याच वर्षी संसदेनेच कायदा केला : पहिल्या आलेल्या यादीला २५ टक्के मतं मिळाली तरी दोन तृतीयांश जागा तिच्या. १९२४ च्या निवडणुकीतली दांडगाई मातेओत्ती या समाजवादी खासदाराने सभागृहात मांडली, तर अकरा दिवसांत त्याला पळवून ठार केलं. १९२६ संपेपर्यंत बाकीचे पक्षच उरले नाहीत.

आता चिरंजीव. १९७५ साली मी नववीत होते. वडील शाळामास्तर. मिसाखाली, म्हणजे अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याखाली, उचलले आणि येरवड्याला नेले. त्यांची कार्डं यायची, 'तपासले' असा शिक्का मारलेली, मधल्या ओळींवर काळी शाई. आई कार्ड उन्हात धरून बघायची. एकदा 'लोणचं' एवढंच लागलं. लोणच्यात कसला आलाय राजद्रोह!

समोरचे काका भाकपचे, म्हणजे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे. त्यांचा पक्ष आणीबाणीच्या बाजूने. ते म्हणायचे, फॅसिस्ट ती जेपींची, म्हणजे इंदिराबाईंविरुद्ध उभ्या राहिलेल्या जयप्रकाश नारायणांची मंडळी. वडिलांचे मित्र दार लावून तोच शब्द इंदिराबाईंना लावायचे. वडील सुटून आले ते मात्र कायम 'हुकूमशाही' म्हणत राहिले, आणि मला तोच शब्द बरोबर वाटतो. चौकशीविना कैद, सेन्सॉर, सक्तीच्या नसबंद्या. वर कैदेविरुद्ध कोर्टातही जाता येणार नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७६ चा निकाल. यातलं काहीच सौम्य नव्हतं. पण मुसोलिनीजवळ सत्तेआधीपासून काळ्या सदऱ्यांच्या टोळ्या होत्या, विरोधकांना धरून एरंडेल पाजणाऱ्या. त्याला चौक भरून जयघोष हवा होता. इथे आम्ही गप्प बसलो की भागत होतं. शिवाय १९७७ च्या मार्चमध्ये बाई निवडणूक हरल्या आणि खुर्ची सोडून गेल्या.

म्हणून चिरंजीवांना एवढंच विचारा : कुठलं धोरण, आणि ते कुठल्या फॅसिस्ट धोरणासारखं? एकेका धोरणावर भांडा. अख्ख्या राजवटीवर शिक्का मारायला बरंच काही लागतं.

ती कार्डं अजून आहेत. वरची शाई आता विटलीय. 'लोणचं'च्या पुढे लिहिलंय : 'पाठवू नकोस, बराकीत आम्ही साठजण आहोत.'