चक्करची गोळी महिनोन् महिने चालू ठेवायची का?

प्रश्न : आई ६९ वर्षांची आहे. कूस बदलली की किंवा वरच्या फळीवरचं काही काढायला मान वर केली की तिला सगळं घर गरगर फिरतं, अर्ध्या-पाऊण मिनिटात थांबतं. डॉक्टरांनी सिनॅरिझिन दिली होती, संपली की आम्ही तीच परत आणतो, असं करत चार-पाच महिने झाले. आता ती दिवसभर पेंगते, चालताना तोल जातो आणि चक्कर काही गेली नाही. मेडिकलवाला म्हणाला ही अँटीहिस्टामाइन आहे, म्हणजे ॲलर्जीचीच ना? मग घरातली सेट्रिझिन दिली तर?

उत्तर : ताई, सेट्रिझिनचं आधी संपवते. नको. सेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन वगैरे नव्या गोळ्या मेंदूत फारशा शिरत नाहीत, म्हणून त्यांनी झोप कमी येते पण चक्करवर उपयोगही नाही. चक्करला लागतात त्या जुन्या, मेंदूत शिरणाऱ्या, म्हणजे मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट, प्रोमेथाझिन आणि तुमची सिनॅरिझिन. हा उपयोग सापडला तोही योगायोगानेच, १९४७ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये एका गरोदर बाईला अंगावर पित्त उठतं म्हणून डायमेनहायड्रिनेट दिलं आणि तिचं ट्राममध्ये मळमळणंच बंद झालं!

पण आईचं जे वर्णन तुम्ही केलंय ते बीपीपीव्हीसारखं वाटतं, म्हणजे डोक्याची स्थिती बदलली की येणारी चक्कर. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात, ते जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नळ्यांत गेले की डोकं हललं रे हललं की चक्कर, आणि हे कण कुठलीही गोळी जागेवर नेऊन ठेवत नाही. त्यासाठी एप्ली मॅन्युव्हर असतं. कान-नाक-घशाचे डॉक्टर मान एका बाजूला वळवून पेशंटला पटकन आडवं करतात, डोकं जरा मागे लोंबतं ठेवतात, त्या वेळी बुबुळं थरथरताना दिसतात त्यावरून निदान होतं, मग डोकं दुसऱ्या बाजूला, मग अख्खं अंग कुशीवर, मग उठवून बसवतात, प्रत्येक ठिकाणी अर्धा-एक मिनिट थांबून. करताना एकदा जोरात गरगरतं, घाबरू नका म्हणावं आईला. बऱ्याच जणांचं एक-दोन वेळांत काम होतं.

या गोळ्या खऱ्या कामाच्या कधी, तर चक्कर तासन् तास थांबत नाही, उलट्या होतायत, तेव्हा, आणि तेही पहिले दोन-तीन दिवस. पुढे मेंदू कानाकडून येणाऱ्या बिघडलेल्या सिग्नलशी जुळवून घेतो आणि गोळी चालू राहिली तर ते जुळवून घेणंच लांबतं. वयस्कर माणसांत झोप, कोरडं तोंड, बद्धकोष्ठता, लघवी अडकणं आणि मुख्य म्हणजे पडणं. सिनॅरिझिनचं आणखी एक, फार दिवस घेतली तर पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात, तेव्हा आईचे हात कापतात का, पाय घासत चालते का, बघा आणि गोळी बंद करायचं डॉक्टरांशी लगेच बोला, पुढची पट्टी आणण्याआधी. सोबत बीटाहिस्टिन ही चक्करवरचीच दुसरी गोळी चालू असेल तर तेही सांगा, ती अँटीहिस्टामाइन नाही, तिचं काम जवळजवळ उलटं.

चक्करबरोबर बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसलं, एक हात-पाय लुळा पडला, किंवा एका कानाने अचानक ऐकू येईना, तर गोळी शोधत बसू नका, थेट हॉस्पिटल.

प्रश्न : मला गाडी लागते. गोळी कधी घ्यायची?

उत्तर : बहुतेक गोळ्या निघायच्या अर्धा-एक तास आधी, सिनॅरिझिन असेल तर दोन तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर बहुतेक वेळा उलटीतून बाहेरच पडते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी विचारून घ्या, वर दारू नको, आणि त्या दिवशी स्टिअरिंग दुसऱ्याकडे द्या.