दूरची जोडी आणि तुझा प्रकल्प

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी अँटेना दीर्घिकांची, म्हणजे एकमेकींत मिसळत चाललेल्या दोन ताऱ्यांच्या महानगरांची, जोडी घ्यावी असं तुझ्या मनात आहे, पण "एवढ्या लांबच्या गोष्टीवर मी इथं बसून काय करणार? आपल्याकडे मोठी दुर्बीण नाही, आणि त्या दीर्घिका माझ्या जन्मात तसूभरही हलायच्या नाहीत," असं तू लिहिलं आहेस. बाकीच्या प्रश्नांना सवडीने उत्तर देईन. आज या एकाच शंकेचं बघू. ती सुटली की विषय निवडायचा घोळही मिटेल.

हलायच्या नाहीत, हे खरंच. दोन दीर्घिका पहिल्यांदा जवळ येण्यापासून त्यांची मिळून एक होईपर्यंत कोट्यवधी वर्षं जातात. त्यातलं एक स्थिरचित्र आपल्या वाट्याला येतं. पण ही अडचण तुझ्या एकटीची नाही. हबल या अवकाशातल्या दुर्बिणीवर काम करणाऱ्यांनाही तेवढं एकच मिळतं. या विषयातलं कसब आहे ते त्या एका चित्रातून गती शोधून काढण्याचं, आणि ते साध्या संगणकावर शिकता येतं. तुला धीर द्यायचा म्हणून मी हे म्हणत नाही. हे शास्त्र घडलंच तसं.

एरिक होल्मबर्गचं उदाहरण घे. स्वीडनमधल्या लुंडचा हा खगोलशास्त्रज्ञ. साल १९४१, म्हणजे आजच्यासारखे संगणक नव्हतेच. दोन दीर्घिका एकमेकींजवळून गेल्या तर काय होईल, हा त्याचा प्रश्न. प्रत्येक ताऱ्यावर बाकी सगळ्यांची ओढ किती, हे हाताने मांडायचं तर आकडेमोडीतच जन्म गेला असता. पण त्याच्या लक्षात आलं की अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात गुरुत्वाकर्षण कमी होतं, आणि प्रकाशही अगदी तसाच कमी होतो. मग ताऱ्यांच्या जागी दिवे का ठेवू नयेत? प्रत्येक दीर्घिकेला ३७, असे ७४ दिवे त्याने मांडले. एका दिव्याच्या जागी उजेड मोजणारा फोटोसेल ठेवायचा, कुठल्या बाजूने किती उजेड येतो ते मोजायचं. तीच त्या जागची गुरुत्वाकर्षणाची ओढ. त्या हिशोबाने तो दिवा जरासा सरकवायचा. मग दुसरा, मग तिसरा, आणि सगळे झाले की पुन्हा पहिल्यापासून. या सरकवासरकवीतून दिसलं की दीर्घिकांच्या चपट्या चकत्यांचा आकार बिघडतो, त्यांना भुजांसारखे फाटे फुटतात, आणि दीर्घिकांच्या प्रवासाची ऊर्जा आतल्या ताऱ्यांच्या हालचालीत जिरते. म्हणून नुसत्या जवळून जाणाऱ्या दोघी एकमेकींच्या तावडीत सापडू शकतात. हे सगळं एका खोलीत, दिवे आणि चिकाटी यांच्या जोरावर.

पुढे १९६६ मध्ये हाल्टन आर्प या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने वेड्यावाकड्या आकाराच्या दीर्घिकांचा ॲटलास काढला. त्यात ३३८ नोंदी आहेत. तुझी जोडी त्यात २४४ वी. एनजीसी या जुन्या यादीतले ४०३८ आणि ४०३९ हे तिचे मूळ क्रमांक. दोघींच्या गाभ्यांपासून दोन लांबलचक, बारीक शेपट्या वळत गेल्या आहेत, किड्याच्या मिशांसारख्या, त्यावरूनच अँटेना हे नाव पडलं. या शेपट्यांनी पुष्कळांना चक्रावून टाकलं होतं. समुद्राच्या भरतीचा अनुभव असा की दोन्ही बाजूंना पसरट फुगवटे येतात. त्याच बलाने इतके बारीक, लांब धागे कसे निघतील? काहींनी चुंबकीय क्षेत्रांकडे बोट दाखवलं, काहींनी स्फोटांकडे.

उत्तर १९७२ मध्ये आलं. आलार आणि यूरी तूम्रे हे एस्टोनियात जन्मलेले, अमेरिकेत काम करणारे सख्खे भाऊ. त्यांचं मॉडेल इतकं साधं होतं की तुला ते आठवड्याभरात लिहिता येईल. दीर्घिकेचं सगळं वस्तुमान मधल्या एका बिंदूत घालायचं. भोवती कड्या-कड्यांनी शे-सव्वाशे वस्तुमानहीन कण फिरत ठेवायचे. ते आपले तारे. मग दुसरा जड बिंदू जवळून जाऊ द्यायचा आणि कणांचं काय होतं ते बघायचं. सगळं गुपित निघालं दिशेत. चकती ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने पाहुणी, म्हणजे हा दुसरा बिंदू, गेली, तर कडेचे तेच ते तारे बराच वेळ तिच्या समोर राहतात आणि ओढ साठत जाते. जवळच्या बाजूचे तारे तिच्याकडे पुलासारखे ओढले जातात, पलीकडच्या बाजूचे मागे राहून शेपटी होते. पाहुणी उलट दिशेने गेली की ओढ क्षणभर एका बाजूला, क्षणभर दुसऱ्या. चकतीला फारसं काही होत नाही. म्हणजे शेपटी दिसली की पाहुणी चकतीच्या फिरण्याच्या दिशेनेच गेली असणार, असं आपण आज म्हणू शकतो. अँटेनाच्या दोन्ही दीर्घिकांना शेपट्या आहेत, तेव्हा दोघींच्या बाबतीत हे घडलेलं आहे. एका स्थिरचित्रातून गती निघते ती अशी. मला आजही हा निष्कर्ष विलक्षण वाटतो, आणि तुझ्या प्रकल्पाचा गाभा हाच असावा असं माझं मत आहे.

तेव्हा पायथॉनमध्ये हे मॉडेल स्वतः लिही. तयार प्रोग्राम मिळतात, पण सुरुवातीला त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. आधी एकच दीर्घिका घे, कण फिरत ठेव, आणि पुष्कळ फेऱ्या झाल्यावरही कड्या जागच्या जागी आहेत ना ते तपास. त्या आपोआप पसरत असतील तर चूक तुझ्या आकडेमोडीत आहे, आणि त्या चुकीवर पुढे कितीही सुंदर शेपटी निघाली तरी ती फुकट. कण पावलापावलाने पुढे सरकवायची साधी ऑयलरची पद्धत इथे टिकत नाही, लीपफ्रॉग ही पद्धत वापर. कड्या जागेवर राहिल्या की दुसरा बिंदू आण. एका वेळी एकच गोष्ट बदल: आधी दिशा, मग चकतीचा कल, मग सर्वांत जवळचं अंतर. प्रत्येक वेळी चित्र तीन-चार बाजूंनी काढ, कारण आकाशात आपल्याला एकच बाजू दिसते आणि जी शेपटी वाकडी वाटते ती दुसऱ्या बाजूने सरळ असू शकते.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर तू रात्री जागून शोधत बसशील. या मॉडेलमध्ये दोन्ही दीर्घिका कधीच एक होणार नाहीत. कणांना वस्तुमान नाही, त्यामुळे ते बिंदूंना मागे खेचत नाहीत. खऱ्या दीर्घिकांभोवती कृष्णद्रव्याची, म्हणजे न दिसणाऱ्या पण ओढ असलेल्या द्रव्याची, मोठी प्रभावळ असते, तीच त्यांचा वेग खाते. अहवालात ही मर्यादा तू होऊन लिही, परीक्षकांनी विचारायची वाट बघू नकोस.

नुसता आकार जुळला म्हणजे काम झालं असं नाही. वेगही जुळायला हवेत. हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर रेडिओ लहरी सोडतो, आणि त्या लहरींच्या सरकण्यावरून वायू आपल्याकडे येतोय की दूर जातोय, किती वेगाने, ते कळतं. अँटेनाच्या शेपट्यांमधल्या या वायूचे नकाशे अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीने काढलेले आहेत. त्यांच्याशी तुझे कण ताडून बघ. अशी मोजमापं कशी होतात हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर नारायणगावजवळच्या खोडदला जा. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, याच हायड्रोजनची रेषा ऐकू शकतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरतं. तिथल्या माणसांना मनमोकळेपणाने प्रश्न विचार.

आता तू पत्रात वापरलेल्या "टक्कर" या शब्दाकडे येते. तारे एकमेकांवर आदळत नाहीत. सूर्य एक सेंटिमीटरची गोटी मानला, तर सूर्याला सर्वांत जवळचा तारा २९० किलोमीटरवर येईल. अशा विरळ गर्दीत कोण कोणाला धडकणार? आदळतात ते वायूचे ढग, आणि खरी धमाल तिथेच आहे. ढग दाबले जातात आणि ताऱ्यांची निर्मिती एकदम उसळते. हबलने या जोडीत हजाराहून अधिक तेजस्वी, तरुण तारकागुच्छ टिपले. त्यातले सुमारे नव्वद टक्के पहिल्या एक कोटी वर्षांतच विखरून जातात. जे थोडे तगतील ते आपल्या आकाशगंगेभोवतीच्या गोलाकार तारकागुच्छांसारखे होतील. म्हणजे आपल्याकडे जे फक्त म्हातारपणी दिसतात, त्यांचं बाळपण तिथे बघायला मिळतं.

पण चित्रातल्या झगमगाटावरच नजर ठेवू नकोस. दोन्ही गाभ्यांच्या मधे एक काळपट, धुळकट पट्टा आहे. साध्या फोटोत तिथे बघण्यासारखं काही वाटत नाही. १९९८ मध्ये युरोपच्या आयएसओ या अवरक्त दुर्बिणीची निरीक्षणं प्रसिद्ध झाली, तेव्हा सर्वांत जोमदार तारेनिर्मिती नेमकी त्या काळ्या पट्ट्यातच निघाली. धुळीने उजेड गिळला होता आणि उष्णता म्हणून परत दिला होता. पुढे चिलीतल्या आल्मा दुर्बिणीने २०११ मध्ये आपलं पहिलं चित्र जाहीर केलं ते याच जोडीचं. तेव्हा तिच्या ६६ पैकी डझनभरच तबकड्या कामाला लागल्या होत्या. तेव्हा कुठलंही चित्र हातात आलं की पहिला प्रश्न हा: कोणत्या तरंगलांबीला काढलंय, आणि त्या तरंगलांबीला काय लपतं? हबलच्या मूळ फाइली खुल्या संग्रहात फुकट मिळतात. छापलेला रंगीत फोटो बाजूला ठेव आणि एकेका फिल्टरचं करडं चित्र उघड.

तुझ्या टिपणात अंतर ४.५ कोटी प्रकाशवर्षं लिहिलंस. हा आकडा हवेतून आलेला नाही. २००४ मध्ये शेपटीतल्या लाल राक्षसी ताऱ्यांवरून तो काढला होता. पण डिसेंबर २००७ मध्ये याच जोडीच्या दक्षिण शेपटीत एक अतिनवतारा, म्हणजे स्फोट होऊन झळाळलेला तारा, दिसला. तो ज्या प्रकारचा होता त्याची मूळ तेजस्विता ठाऊक असते, म्हणून तो अंतर मोजायला फार कामाचा. त्यावरून आणि लाल राक्षसींच्या फेरतपासणीवरून २००८ मध्ये अंतर आलं सुमारे ७.२ कोटी. फरक क्षुल्लक समजू नकोस. तेजस्विता अंतराच्या वर्गावर जाते, म्हणजे प्रत्येक तारकागुच्छ अडीचपट तेजस्वी ठरतो आणि त्याचं वस्तुमानही तितकंच वर जातं. आकडा लिहिताना तो कुणी, कशावरून काढला, हे शेजारी लिहायची सवय आत्तापासून लाव. जाता जाता: ७ कोटी धरलं, तर आज पोचणारा हा उजेड तिथून निघाला त्याच्या थोडं पुढे-मागे आपल्या सह्याद्रीचा बसाल्ट लाव्हा होऊन वाहत होता.

आणखी एक सावधगिरी. जोडी दिसते म्हणजे ती जोडी असतेच असं नाही. वासुकी तारकासमूहातली एनजीसी ३३१४ बघ. दोन सर्पिल दीर्घिका एकमेकींवर पडल्यासारख्या दिसतात, पण त्या एकाच रेषेत पुढे-मागे आहेत, दोघींमध्ये दोन कोटींहून अधिक प्रकाशवर्षांचं अंतर. ना शेपटी, ना पूल, चकत्या जशाच्या तशा. प्रकल्पात अँटेनाच्या शेजारी ही ठेव. तुलनेने मुद्दा पक्का होईल. आपली आकाशगंगा आणि शेजारची देवयानी दीर्घिका यांच्या भावी टकरीवर मात्र पानं भरू नकोस. २०१२ मध्ये ती ठरल्यासारखी मानली जात होती, २०२५ च्या अभ्यासाने पुढच्या १० अब्ज वर्षांत तिची शक्यता निम्म्यावर आणली. एवढं एक वाक्य पुरे.

शेवटची गोष्ट, आणि ती टाळू नकोस: ही जोडी स्वतःच्या डोळ्यांनी बघ. ती हस्त नक्षत्राच्या शेजारी आहे. हस्ताचा पाऊस पडतो त्या दिवसांत सूर्य तिथेच असतो, तेव्हा शोधून उपयोग नाही. एप्रिलच्या शेवटी रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड कर. हस्ताच्या चौकोनातला वरचा उजवा तारा पकड आणि तिथून उजवीकडे, किंचित खाली, साडेतीन अंश सरक. गावाबाहेरच्या काळोखात आठ इंची दुर्बिणीतून वाकडा, धूसर ठिपका दिसेल. शेपट्या दिसणार नाहीत, त्याने खट्टू होऊ नकोस. विल्यम हर्शलने १७८५ मध्ये इंग्लंडातून ही जोडी नोंदवली, तेव्हा ती त्याच्या क्षितिजापासून जेमतेम २१ अंश वर येत होती. पुण्यातून ती ५० अंशांच्या वर चढते. "इथं बसून काय करणार" म्हणालीस ना, तर निदान या बाबतीत आपण हर्शलपेक्षा बऱ्या जागी आहोत.

सुट्टी लागायच्या आत मला दोन आकृत्या पाठव: एक सुलट दिशेने गेलेल्या पाहुणीची, एक उलट दिशेच्या. बाकी सगळं तेच ठेवून. कड्यांच्या तपासणीचा आलेखही जोड, तो मी आधी बघेन. प्रोग्राम अडला तर जसा आहे तसा पाठव, संकोच करू नकोस. आईबाबांना नमस्कार सांग.

तुझी,
मॅडम