आम्ही पाच जण मिळून एक प्रायोगिक कथा लिहितोय. सिनेमातलं माँटाज, म्हणजे सुटे शॉट शेजारी जोडून नवा अर्थ काढणं, त्यात कसं वापरता येईल?

मी अशा दोन ग्रुपमधे लिहिलंय. पहिल्या वेळी आम्ही एकेक प्रकरण वाटून घेतलं आणि तिथेच फसलो, पाच वेगळ्या कथा झाल्या नुसत्या. प्रकरणं नका वाटू, शॉट वाटा. म्हणजे प्रत्येकाने पाच-सहा ओळींचे सुटे तुकडे लिहायचे, फक्त दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच.

सोव्हिएत दिग्दर्शक कुलेशोवचा प्रयोग माहीत असेलच, नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सूपच्या ताटलीला जोडला, एकदा शवपेटीला, आणि लोकांना आधी भूक दिसली मग दुःख. आयझेनस्टाईन या दुसऱ्या सोव्हिएत दिग्दर्शकाने १९२९ च्या एका लेखात चित्रलिपीचं उदाहरण दिलंय, डोळा आणि पाणी ही दोन चिन्हं शेजारी आली की अर्थ होतो रडणं. आमच्यात एकीने लिहिलं होतं, कपाट उघडलं तर सगळे हँगर रिकामे. दुसऱ्याचा तुकडा होता, प्लॅटफॉर्मवर एक म्हातारा प्रत्येक डब्यात डोकावत चाललाय. शेजारी ठेवले आणि वाचणारा प्रत्येक जण म्हणाला मुलगी घर सोडून गेली आणि बाप शोधतोय!! हे कोणीच लिहिलं नव्हतं, तिच्या डोक्यात तर साधं घर बदलणं होतं. मला तेव्हा खरं माँटाज कळलं.

आता सगळ्यात अवघड भाग. 'त्याच वेळी', 'इकडे', 'तिला आठवलं' असले सांधे सगळे काढून टाका, हात शिवशिवतो लिहायला पण नाही लिहायचे, कारण सांधा आला की वाचकाचं काम तुम्ही करून टाकता. तुकड्यांची लांबी पण कमीजास्त ठेवा, सलग दहा छोटे तुकडे आले की वाचणारा दमतो, मधे एक निवांत लांब तुकडा हवाच.

आणि क्रम लावणारा एकच माणूस असू दे, दर भागाला बदला हवं तर. सररिअलिस्ट लोक, म्हणजे स्वप्न आणि नेणिवेवर भर देणारे लेखक-कलाकार, १९२५ च्या सुमारास आधीचं झाकलेलं न बघता पुढचे शब्द जोडायचे, मजा येते त्यात, पण तिथे जोडणारा योगायोग असतो. माँटाजमधे कोणीतरी बघून, ठरवून जोडतं, पाच जणांनी मतदान करून कट, म्हणजे कुठल्या तुकड्याला कुठला जोडायचा ते, ठरवले की ते हमखास गुळगुळीत होतात. आम्ही प्रिंट काढून, कात्रीने कापून जमिनीवर मांडायचो, स्क्रीनवर ते जमत नाही कारण सगळे तुकडे एकदम दिसत नाहीत. आपला तुकडा कापला गेला की वाईट वाटतं हे आधीच बोलून घ्या, आमचा एक चांगला मित्र त्यावरून ग्रुप सोडून गेला.