कळतं, पण वळत नाही

प्रश्न : २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा आम्ही टँकरपुढे घागरी घेऊन उभे होतो. आजही घरात सगळे म्हणतात पाणी जपा, पण नळ मात्र बदाबदा चालूच. हे ढोंगच ना? – एक गृहिणी, लातूर

ढोंग म्हणू नका, ताई. मत खरंच असतं. पण नळापाशी ते आठवत नाही, हात सवयीनं चालतो. कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाच्या जलतरण तलावावर केलेला, १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. पोहून आलेल्या काही मुलींना त्या स्वतः किती पाणी वाया घालवतात ते विचारलं, वर ‘आंघोळ लवकर उरका, मला जमतं तर तुम्हालाही जमेल’ अशा पत्रकावर सही घेतली. त्यांचा शॉवर सरासरी २२० सेकंदांत आटोपला; काहीच न विचारलेल्या मुलींना ३०२ सेकंद लागले. नुसती सही किंवा नुसते प्रश्न यांचा परिणाम त्यामानानं कमी झाला. आपलंच बोलणं आपल्याच वागण्यासमोर उभं राहिलं की टोचतं. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी १९५७ मध्ये मांडलेली बोधात्मक विसंगती ती हीच. तेव्हा घरात मूल असेल तर त्याला उपदेश नको. ‘पाणी जपा’ची पाटी त्यालाच रंगवू द्या, आणि त्याच रात्री दात घासताना नळ किती वेळ चालला तेही त्यालाच मोजू द्या.

प्रश्न : हुंड्याला नावं ठेवणारे माझे मामा सोयरिकीच्या बैठकीत ‘तुमच्या इच्छेनं द्या’ म्हणाले. मग मताला किंमत काय? – एक तरुण, परभणी

‘इच्छेनं’ हा शब्द मलाही खटकतो. हुंडाबंदीचा कायदा १९६१ पासून आहे. पण ‘हुंडा वाईट’ हे मोघम मत झालं. भावकीसमोर, याच बैठकीत ‘नको’ म्हणणं ही निराळी गोष्ट. फिशबाइन आणि आयझेन या मानसशास्त्रज्ञांचं सांगणं हेच: मत त्या नेमक्या कृतीबद्दल विचारा, आणि जवळची माणसं काय म्हणतील, आपल्याला ते झेपेल का, हेही पाहा.

याची उलट बाजूही आहे. समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर फिरले. अडीचशे हॉटेलं-खानावळींत नकार मिळाला एकदाच. पुढं त्याच ठिकाणांना पत्रानं विचारलं, तर उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी ‘चिनी गिऱ्हाईक घेणार नाही’ असं कळवलं. हा अभ्यास १९३४ चा. माणूस दारात उभा राहिला की कागदावरचं मत मागं पडतं. मामांचं बैठकीत तेच झालं. पुढच्या बैठकीआधी त्यांना घरीच विचारा, “मामा, देण्याघेण्याचं निघालं तर नको कोण म्हणणार? तुम्ही की मी?”

प्रश्न : रोज फिरायला जायचं ठरवतो, जमत नाही. – एक वाचक, जालना

‘रोज’ सोडा. ‘सकाळचा चहा झाला की चपला घालून मोतीबागेपर्यंत’ असं ठरवा. कधी आणि कुठं हे आधी पक्कं केलं तर ठरवलेलं जास्त पार पडतं, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी दाखवलंय. चपला रात्रीच दाराशी काढून ठेवा.