ठाण्याच्या खाडीत घडणारी जीवघेण्या स्पर्धेची फँटसी लिहितोय, पण तिसऱ्या फेरीनंतर मसुदा वाचणारी मुलं कंटाळतात. काय चुकतंय?

तुम्ही दिलेला आराखडा असा: २४ स्पर्धक, ७ फेऱ्या, प्रत्येक फेरीत तिघे-चौघे मरतात. सर्वात मोठा प्रसंग पौर्णिमेच्या मध्यरात्री, स्पर्धक ओहोटीच्या चिखलात उतरतात आणि पाणी चढू लागतं.

आधी ही मध्यरात्रच घेऊ. पौर्णिमेच्या मध्यरात्री खाडी तुडुंब भरलेली असते, चिखल दिसतच नाही. किनाऱ्यावरचा जुना हिशोब साधा आहे: तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास. पौर्णिमेला आणि अमावास्येला साधारण सव्वाअकरा ते बारा, दुपारी आणि रात्रीही. ओहोटी त्याच्या आधी आणि नंतर सव्वासहा तासांनी. चेंदणी कोळीवाड्यातल्या किंवा ऐरोलीच्या वाचकाला ही चूक लगेच दिसेल, आणि तिथून पुढे तो तुमच्या जादूवरही विश्वास ठेवणार नाही.

दुरुस्ती केल्यावर प्रसंग आणखी चांगला होतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि नेमकी त्याच वेळी ओहोटी असते. सहा वाजता स्पर्धकांना उतरवा. चंद्र वर चढेल तसं पाणीही चढेल. पण पाणी एकसारखं चढत नाही, हे लक्षात ठेवा. उधाणाला आपल्याकडे भरती-ओहोटीतला फरक चार मीटरपर्यंत सहज जातो. सोयीसाठी १२ फूट धरा: पहिल्या तासात एक फूट, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे सात वाजता पाणी गुडघ्याच्या खाली आणि मुलं निर्धास्त. आठला कमरेला. नऊ वाजता डोक्यावरून. तुमचा सगळा थरार आठ ते नऊ या एका तासात आहे. हा तास चार प्रकरणांत वाटा, प्रत्येकी १५०० शब्दांच्या आसपास, आणि प्रत्येक प्रकरण संपताना पाणी कुठवर आलं ते एका वाक्यात सांगा. हे कोष्टक नायिकेला आधीच माहीत हवं. वाचकालाही हवं. तो मनातल्या मनात मोजू लागला की पुस्तक खाली ठेवत नाही.

चिखलाचंही तसंच. तुमच्या मसुद्यात स्पर्धक चिखलातून धावतात. खाडीच्या गाळात कुणी धावत नाही. एक पाय जोरात उपसला की सगळं वजन दुसऱ्यावर येतं आणि तो आणखी रुततो. पायाखाली हवा शिरायला जागा नसते म्हणून गाळ ओढून धरतो. सुटायचं तर मागे रेलायचं, वजन पसरायचं, पाऊल हळूहळू हलवत भोवती पाणी शिरू द्यायचं. काठालगत तिवरांची श्वसनमुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात, अनवाणी पायाला ती टोचतात. सर्वात ताकदवान स्पर्धक इथे सर्वात आधी अडकेल, कारण तो जोर लावेल. इथे राक्षस आणायची गरज नाही.

आता कंटाळ्याचं मूळ. २४ चेहरे वाचकाच्या लक्षात राहत नाहीत. आठ ठेवा, त्यातल्या पाच जणांना सवयी, बोलण्याची लकब आणि घर द्या. सात फेऱ्यांऐवजी तीन करा. तुमच्या पहिल्या तिन्ही फेऱ्या खरं तर एकच आहेत: धोका येतो, दुबळे मरतात. प्रत्येक फेरीने वेगळी गोष्ट मागितली पाहिजे. खाडीची फेरी ज्ञान मागते. दुसरी फेरी मी मनोऱ्याची करीन. ठाण्यात दहीहंडी पाहत वाढलेल्या मुलांना थर, एक्का (सर्वात वर चढणारा), पाया समजावून सांगावे लागत नाहीत. एकमेकांचे शत्रू असलेल्या आठांना पाच थर लावायला लावा आणि बक्षीस फक्त एक्क्याला द्या. खालच्याने खांदा का द्यायचा? आणि हंडी फुटल्यावर तो हलला तर? लावण्याइतकंच उतरवणंही अवघड असतं, म्हणून फसवणूक उतरताना घडवा. १४ वर्षांखालच्यांना खऱ्या थरांत चढायला बंदी आहे, तेव्हा नायिका पंधराची असलेली बरी.

मृत्यू कमी करा. पूर्ण पुस्तकात तीन पुरेत. प्रत्येक मृत्यू अशा नियमामुळे व्हावा जो वाचकाला निदान एक प्रकरण आधी कळलेला आहे. अचानक कोसळलेला दगड धक्का देतो, पण माहीत असलेला नियम रडवतो.

जादूला किंमत लावा, मोजता येईल अशी. तुमची नायिका पाणी थोपवते आणि थकते; थकवा झोपेने जातो, त्यामुळे ती किंमतच नाही. तिने एक फूट पाणी अडवलं की एक आठवण जावी. १२ फुटांच्या भरतीत ती किती फूट अडवेल, आणि कोणती आठवण आधी देईल? आजीचा आवाज की घराचा रस्ता? तिसरी फेरी याच प्रश्नावर उभी करता येईल.

ती स्पर्धा सोडून घरी का जात नाही, हे पहिल्या ३० पानांत आलं पाहिजे. ‘निवड झाली’ एवढं पुरत नाही. भाग न घेतल्यास नेमकं कोणाचं काय जाईल, ते नावानिशी लिहा.

लिहिण्याआधी ऐरोलीच्या खाडीकिनाऱ्यावर एकदा ओहोटीला आणि त्याच दिवशी भरतीला जा. नोव्हेंबर ते मे दरम्यान गेलात तर ओहोटीला उघड्या पडलेल्या गाळावर रोहित पक्षी चरताना दिसतील. तो भाग अभयारण्य आहे, गाळात उतरू नका, काठावरूनच पाहा. वही आणि घड्याळ न्या. एखादा खांब निवडून दर पंधरा मिनिटांनी पाणी कुठवर आलं ते टिपत राहा. निवट्या, म्हणजे चिखलावर सरपटणारे छोटे मासे, पाण्याच्या कडेने कधी वर सरकतात तेही लिहा. नायिकेला पाणी फिरल्याची पहिली खूण तिथेच दिसू शकते.